मेलोडिका घेताना: ३२ पट्ट्या की ३७?

भाचीला पहिली मेलोडिका, म्हणजे तोंडाने फुंकून वाजवायचं पेटीसारख्या पट्ट्यांचं छोटं वाद्य, घ्यायची आहे आणि ताई अडली आहे ती आकड्यावर. मी दोन्ही वाजवल्या आहेत.

सर्वसाधारण ३२ पट्ट्यांची मेलोडिका पांढरी चारपासून (पाश्चात्त्य F) सुरू होते आणि त्याच स्वराला सा धरला तर अडीच सप्तकांनी, पंचमावर संपते. ३७ वाली तीन सप्तकं पूर्ण करते. प्रार्थना, भावगीतं, शाळेतली गाणी ३२ मध्ये आरामात बसतात. पेटी शिकलेल्याचा हात मात्र तार सप्तकात वर गेला की पट्टी संपते आणि चाल मोडते.

किमतीत, एकाच कंपनीची तुलना केली तर, ३७ वाली सहसा महाग. वजनही थोडं जास्त. मूल उभं राहून, डाव्या हातात धरून वाजवणार असेल तर हे जाणवतं. टेबलावर ठेवून लांब नळीने फुंकलं तर नाही.

खरा फरक पट्ट्यांत नाही, सुरांत आहे. दुकानात खालचा आणि वरचा सा एकत्र दाबा, हळू फुंका. आवाज थरथरला तर ती ठेवून द्या, कितीही स्वस्त असो. वाजवून झाल्यावर टोकाचं पाणी काढायचं बटण दाबून आतलं पाणी फुंकून काढायचंच, नाहीतर आवाज देणाऱ्या धातूच्या पात्या अडकतात.

दहा वर्षांच्या भाचीला ३२ घ्या. पेटी येणाऱ्याने थेट ३७ घ्यावी.