आठ महिने बाहेरचं जेवण: राइस प्लेट, थाळी आणि मेस यांत पैसे कुठे वसूल झाले

जूनमध्ये बदली होऊन पुण्याला आलो. मुलीची दहावी, म्हणून ती आणि तिची आई कोल्हापुरातच राहिल्या. मला पेठेत कॉट बेसिसवर खोली मिळाली. मालकांची अट एकच, खोलीत गॅस पेटवायचा नाही. चहापुरती विजेची किटली ठेवली आणि बाकी सगळं पोट हॉटेलांवर सोडलं. बँकेत असल्यामुळे खर्च लिहायची सवय आहेच, त्यामुळे जून ते जानेवारी प्रत्येक जेवणाचा हिशेब वहीत आहे. महिन्याची सरासरी साडेसात हजाराच्या आसपास येते. ज्या ठिकाणांबद्दल तक्रार आहे त्यांची नावं लिहीत नाही. एका माणसाच्या जिभेवरून कुणाच्या गल्ल्यावर घाला नको.

सुरुवात दुपारच्या राइस प्लेटपासून करतो, कारण सगळ्यात जास्त वेळा तीच खाल्ली. ऑफिसच्या गल्लीत दोन हॉटेलं समोरासमोर आहेत. डावीकडच्याची प्लेट ११० रुपये, उजवीकडच्याची १३०. ताटात दोन्हीकडे तेच: तीन चपात्या, एक सुकी भाजी, एक रस्साभाजी, वाटीभर डाळ, मूदभर भात, पापड, लोणचं. पहिला महिनाभर मी इमानदारीने डावीकडे जेवलो आणि रोज २० रुपये वाचवतोय या आनंदात होतो. मग एका रविवारी वही चाळली तर आकडे वेगळंच सांगत होते. माझी भूक पाच चपात्यांची आहे. डावीकडे ज्यादा चपाती २० रुपये, म्हणजे ११० अधिक ४०. उजवीकडे ज्यादा चपाती १० रुपये, म्हणजे १३० अधिक २०. दोन्हीकडे दीडशेच.

फरक त्यापुढे सुरू होतो. डावीकडे डाळ पुन्हा मागितली की वेटर गल्ल्याकडे बघतो, गल्ल्यावरचा माणूस पंख्याकडे बघतो, आणि बिलात ३० रुपये लागतात. उजवीकडे मागायच्या आत वाटीत डाळ पडते. तिथला वाढपी साठीचा आहे. त्याच्या हातात बादली असते आणि नजर ताटांवर असते, माणसांवर नाही. चपातीचा शेवटचा तुकडा आणि रिकामी वाटी एका वेळी दिसली की तो पोचलाच. तेव्हापासून नवीन हॉटेलात शिरलो की मी प्लेटचा दर शेवटी बघतो. आधी ज्यादा चपाती केवढ्याला आणि डाळ दुसऱ्यांदा मिळते का, हे विचारतो. प्लेटचा दर बोर्डावर गिऱ्हाईक आत ओढायला लावलेला असतो. मालकाची नियत ज्यादा चपातीच्या दरात कळते. (इथे पोळी म्हणतात, मान्य. पण आमच्याकडे पोळी म्हणजे पुरणाची, आणि पुरणपोळी राइस प्लेटमध्ये मागून हसं करून घ्यायचं नाही.)

तुलनेला एक आकडा जवळ असावा म्हणून सांगतो. २६ जानेवारी २०२० ला राज्य सरकारने शिवभोजन थाळी सुरू केली: दोन चपात्या, भाजी, वरण, भात, दहा रुपयांत. शहरातल्या थाळीची किंमत सरकारने ५० रुपये धरली होती, त्यातले ४० अनुदान. म्हणजे त्या वर्षी, कसलाही डामडौल न करता, छोट्या ताटाचा सरकारी हिशेब पन्नासचा होता. आज गल्लीतल्या हॉटेलाचं भाडं, नोकर आणि व्यावसायिक सिलिंडर धरून पाच चपात्यांचं ताट दीडशेला पडत असेल तर मी त्याला महाग म्हणणार नाही. तेच ताट साडेतीनशेला पडलं की मात्र विचारायला हवं, जास्तीचे दोनशे गेले कुठे?

ते कुठे जातात ते अमर्यादित थाळीत बघायला मिळतं. महिन्यातून दोनदा, पगार झाल्यावर आणि एकदा मधेच, मी ही हौस केली. ३५० रुपये, ताटात चौदा-पंधरा पदार्थ. पहिल्या वेळी वाटलं, लॉटरी लागली. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की पदार्थांचा क्रम ठरलेला आहे. आधी ढोकळा, मग कचोरी, मग गुलाबजाम, आणि या तिघांनी पोट अर्धं भरल्यावर पुरी. गरम फुलका येतो तेव्हा माणूस बेल्ट सैल करत असतो. पनीरच्या भाजीचा डाव वाढपी असा तिरका धरतो की रस्सा पुढे येतो आणि तुकडे भांड्याच्या काठाशी अडून राहतात. मी दोनदा मोजले, दोन्ही वेळा तीनच तुकडे. तिसऱ्यांदा सांगितलं, "दादा, डाव सरळ धरा." हसला आणि पाच दिले. मागणाऱ्याला मिळतं, नाही असं नाही. पण आमच्यासारखी निम्मी मंडळी मागायला लाजतात, आणि ३५० चा हिशेब त्या लाजेवरच बसवलेला असतो.

एकटा माणूस, डेस्कवरची नोकरी, वय ४६. अशाने अमर्यादित थाळीच्या नादी लागू नये. कॉलेजची चार पोरं बरोबर असतील तर जरूर जावं. माझ्या पुतण्याने एका बैठकीत अकरा फुलके आणि सहा वाट्या आमरस संपवला होता. त्याचे पैसे नक्की वसूल झाले. माझे कधीच नाहीत, उलट रात्री ॲसिडिटीची गोळी वर.

आता मेस. हा माझा पुण्यातला सगळ्यात मोठा फायदा आणि पहिले दोन महिने सगळ्यात मोठा तोटा. पेठेतल्या एका काकूंकडे रात्रीच्या जेवणाची महिनेवारी लावली, २,४०० रुपये. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री बंद. महिन्याला साधारण २६ रात्री, म्हणजे जेवण ९२ ला. स्वस्त वाटलं. पण मी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी गावी जातो. शुक्रवारी बँकेतूनच स्वारगेट गाठतो, त्यामुळे शुक्रवार-शनिवारची जेवणं बुडतात. म्हटलं, खाडा धरा. काकू म्हणाल्या, "सलग तीन दिवसांच्या आत खाडा नाही हो, स्वैपाक अंदाजानेच करावा लागतो." त्यांचंही बरोबर. पण माझ्या वहीत २,४०० रुपयांत २२ जेवणं आली, म्हणजे एक १०९ ला पडलं. ऑगस्टपासून कूपनं घेतली: ३० कूपनं २,७०० रुपयांना, मुदत तीन महिने. एक कूपन ९० चं. २,७०० चा आकडा महिनेवारीपेक्षा मोठा दिसतो, पण खाल्लं तेवढंच कूपन फाटतं. बावीस जेवणांचे १,९८० झाले. जो दर आठवड्याला गावी पळतो त्याने महिनेवारीच्या वाटेला जाऊ नये.

जेवण कसं? चार चपात्या, एक उसळ किंवा रस्सा, एक कोरडी भाजी, आमटी, भात, आणि ताक असलं तर असलं. पहिले तीन महिने मी घरी फोनवर कौतुक करून बायकोचा रोष ओढवून घेतला. मग सप्टेंबरात चपात्या करणाऱ्या मावशी गावी गेल्या आणि मशीनच्या चपात्या सुरू झाल्या. इतक्या पातळ की उचलली की पलीकडचा ट्यूबलाइट दिसावा. चारच्या जागी सहा लागू लागल्या. काकूंनी दोन ज्यादाचे पैसे घेतले नाहीत, हे लिहिलं पाहिजे. दिवाळीनंतर मावशी परतल्या आणि मेस पुन्हा सुरळीत झाली. पण बटाटा! मटारात बटाटा, फ्लॉवरमध्ये बटाटा, एकदा चक्क शेवग्याच्या आमटीत बटाटा. ९० रुपयांत भाजीचं पोट बटाट्यानेच भरायचं हे मला कळतं, तरी शेवग्यात नको होता.

रविवारच्या फीस्टला दोन कूपनं फाटतात. पुरी, बटाट्याची भाजी (इथे बटाटा रीतसर येतो), मसालेभात, कोशिंबीर आणि श्रीखंड किंवा जिलेबी. एकशे ऐंशीत याच्या तोडीचं मला बाहेर कुठे मिळालं नाही.

मिसळीवर कोल्हापूरकराने पुण्यात मत देणं म्हणजे भांडण विकत घेणं, म्हणून थोडक्यात. मिसळीवरच्या रश्शाला आम्ही कट म्हणतो, इथे सॅम्पल म्हणायचं, हे कळेपर्यंत चार दिवस कोरड्या मिसळीवर काढले. पोह्याची मिसळ गोडसर असते, सवय झाली की बरी लागते. साधारण ९० रुपये, दोन पाव, सॅम्पल हवं तितकं. एका नव्या सजवलेल्या ठिकाणी दुसऱ्या सॅम्पलचे ३० रुपये लावले. मिसळीच्या रश्शाला पैसे! तिथे पुन्हा पाय ठेवला नाही. आणि मेनूकार्डावरची "व्हेज कोल्हापुरी" ही भाजी मी कोल्हापुरात कुणाच्याही घरी पाहिलेली नाही. मुलगी म्हणते, "बाबा, पुण्यात आपल्या गावाचं नाव म्हणजे लाल रंग."

मटणाबद्दल एकच. "अस्सल कोल्हापुरी" पाटी लावलेल्या हॉटेलात ४२० ची थाळी घेतली. पांढऱ्या रश्शाला कॉर्नफ्लोअरचा दाटपणा आणि तांबड्याची दुसरी वाटी ४० रुपये. गावी रस्सा कुणी मोजत नाही. मटणासाठी आता मी दुसऱ्या शनिवारची वाट बघतो.

बिलाचं थोडं. साध्या हॉटेलात जीएसटी पाच टक्के लागतो. काही छोटी हॉटेलं जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर स्वतःच भरतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून कर वेगळा लावता येत नाही आणि बिलावर तसं छापावं लागतं. एका ठिकाणी जीएसटी क्रमांक नसलेल्या बिलावर "टॅक्स" म्हणून सात रुपये लावले होते. क्रमांक विचारला, तर सात रुपये मुकाट्याने परत आले. सिंहगड रोडच्या एका गार्डन हॉटेलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज आधीच जोडलेला होता. तो आपोआप लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. शांतपणे सांगितलं, काढून दिला. मात्र टिप टेबलावर ठेवली. वाढणाऱ्या पोराशी माझं वैर नाही.

ॲपवरून मागवणं पावसाळ्यात तीनदा झालं. उजवीकडच्या हॉटेलाची तीच १३० ची प्लेट ॲपवर १७५ ची, पॅकिंग आणि बाकीचे आकार धरून २३० ला घरपोच आली. आमटी निम्मी पिशवीत, पापड मऊ, आणि दुसऱ्यांदा डाळ वाढायला बादलीवाले आजोबा नाहीत.

मार्चात परीक्षा संपली की घरची मंडळी इकडे येणार, भाड्याचा फ्लॅट बघून ठेवलाय. काकूंच्या पुस्तकात सात कूपनं शिल्लक आहेत, मुदत एप्रिलअखेर. मागे "हस्तांतरणीय नाही" असं छापलंय खरं, पण काकू कूपन बघतात, चेहरा नाही. पेठेत नव्याने आलेल्या कुणाला हवी असतील तर कळवा. तीन फीस्ट निघतील आणि एक साधं जेवण.