पहाटे साडेचारचा फोन आणि ‘व्हिटा नोस्ट्रा’

मरिना आणि सेर्गेई द्याचेन्को या लेखक नवरा-बायकोचं पहिलं पुस्तक मी वजनावर घेतलं. खोटं नाही. सोलापुरात किलोवर पुस्तकं विकणारं प्रदर्शन लागलं होतं, भाव दोनशे रुपये किलो. मुलीसाठी जीवशास्त्राचा एक ठोकळा आणि माझ्यासाठी दोन रहस्यकथा काट्यावर ठेवल्या, तर दोन किलोला थोडं कमी भरलं. काट्यावरचा पोरगा म्हणाला, “काकू, अजून एक बसतंय की.” हाताला लागलं ते टाकलं. ते ‘द स्कार’ होतं. लेखक युक्रेनचे आहेत हेही तेव्हा ठाऊक नव्हतं.

आमचा शाळेच्या युनिफॉर्मचा कारखाना आहे. बारा मशिनी आणि एक लांब कटिंग टेबल, अक्कलकोट रोडच्या बाजूला. फेब्रुवारी ते जून पुस्तक हातात धरायला सवड नसते. शाळा सुरू होऊन उशिरा ॲडमिशन झालेल्या पोरांचे शर्ट-चड्ड्या गेल्या की जुलैत मी वाचायला बसते. पुस्तकं टेबलाखालच्या फळीवर असतात, त्यामुळे माझ्या प्रत्येक पुस्तकात खाकी नाहीतर निळ्या टेरिकॉटचे धागे सापडतात. बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, ते असं उपयोगी पडतंय. वेग कमी आहे, दिवसाला पंधरा पानं.

‘द स्कार’चा नायक एगर्ट सोल हा फौजेतला देखणा अधिकारी, शहरातला एक नंबरचा तलवारबाज आणि तेवढाच माजोरी. एका विद्यार्थ्याच्या होणाऱ्या बायकोवर याचा डोळा जातो, आणि द्वंद्वात तो त्या बिचाऱ्या विद्यार्थ्याला मारून टाकतो. मग एक अनोळखी वाटसरू येतो, एगर्टला हरवतो आणि गालावर एक वार करून निघून जातो. मारत नाही. त्या व्रणापासून एगर्ट भित्रा होतो. अंधाराला भितो, उंचीला भितो, लोकांना भितो. मी राक्षस आणि जादूगारांची वाट बघत होते, आणि इथं पानोपानी एका उमद्या माणसाचे हातपाय कसे गळतात तेच. चार कादंबऱ्यांच्या मालिकेतला हा दुसरा भाग आहे, पण कुठं अडत नाही. २०१२मध्ये इंग्रजीत आला. वजनावर घेतलेल्या पुस्तकानं चार रात्री झोपू दिलं नाही, म्हणजे पैसे वसूल.

मग या दोघांची माहिती काढली, आणि भीतीचं हे बारीक काम कुठून आलं ते कळलं. सेर्गेई द्याचेन्को जन्मले १९४५ साली, कीव्हमध्ये. मूळचे मानसोपचाराचे डॉक्टर. नंतर सिनेमाकडं वळले. वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह यांच्यावर त्यांनी पटकथा लिहिली. हे वाव्हिलोव्ह म्हणजे जगभर फिरून बियाणं गोळा करणारा माणूस, आणि स्टालिनच्या तुरुंगात उपासमारीनं गेला. मरिना १९६८ची, तीही कीव्हचीच, रंगभूमीची नटी. दोघांत तेवीस वर्षांचं अंतर. एकाला भीती माणसाच्या आत काय करते ते माहीत, दुसरीला ती खांद्यात आणि आवाजात कशी उतरते ते माहीत. १९९४मध्ये दोघांची पहिली कादंबरी आली, आणि त्यानंतर सगळं जोडीनं. राहायला कीव्ह, लिहायची भाषा रशियन. (सोलापूरकराला यात नवल नाही. आमच्याकडं घरात तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी आणि बाजारात तिन्ही.) २००५ला ग्लासगोच्या युरोकॉनमध्ये, म्हणजे युरोपातल्या विज्ञानकथांच्या संमेलनात, त्यांना युरोपातले सर्वोत्तम विज्ञानकथालेखक म्हणून गौरवलं. त्यांच्या ड्रॅगनच्या कथेवर २०१५मध्ये सिनेमाही निघाला. पुढं ते आधी मॉस्कोला आणि मग कॅलिफोर्नियाला गेले. तिथंच मे २०२२मध्ये सेर्गेई वारले. कीव्हवर बाँब पडायला लागून तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते.

आता मुख्य पुस्तक, ‘व्हिटा नोस्ट्रा’. आधी खरेदीचं सांगते, कारण फसाल. ऑनलाइन एका विक्रेत्याकडं ते निम्म्या किमतीत दिसलं म्हणून मागवलं. आलं ते झेरॉक्स छाप. कागद लाडूच्या पुड्यासारखा पिवळा, मधली वीसेक पानं एवढी फिकी की उन्हात धरून वाचावी लागत होती, आणि मुखपृष्ठावरची मुलगी हिरवी पडलेली. परत पाठवलं, पैसे अकरा दिवसांनी आले. दुसऱ्यांदा पूर्ण किमतीचं घेतलं, तेव्हा कुठं खरी प्रत मिळाली. किंमत संशयास्पद कमी दिसली तर हात आखडता घ्या.

मूळ कादंबरी २००७ची, इंग्रजी २०१८ची, अनुवाद ज्युलिया मेटोव्ह हर्सी यांचा. वाक्यं छोटी आणि साधी आहेत, डिक्शनरी फारशी लागत नाही. अडचण वेगळी आहे. यात प्रकरणंच नाहीत. तीन मोठे भाग, आणि सलग मजकूर. माझ्यासारखं काज-बटणाच्या मशीनवर दोरा तुटला की उठणाऱ्या बाईनं थांबायचं कुठं?

साशा सोळा वर्षांची. आईबरोबर समुद्रावर सुट्टीला गेलेली. (आमचा समुद्र म्हणजे उजनीचं बॅकवॉटर, पण कळतं.) काळा चष्मा घातलेला एक माणूस तिच्या मागं लागतो. त्याचं नाव फरीत. तो अंगाला हात लावत नाही, ओरडत नाही. एवढंच सांगतो, की रोज पहाटे चार वाजता समुद्रात उतरायचं आणि बोयापर्यंत, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेपर्यंत, पोहून यायचं. ती पोहून येते आणि तिला उलटी होते. उलटीत सोन्याची नाणी पडतात. एक दिवस गजर वाजत नाही, तिची वेळ चुकते, आणि आईच्या नव्या मित्राला हृदयविकाराचा झटका येतो. योगायोग? फरीत शांतपणे म्हणतो, मी अशक्य काहीच मागत नाही. पुस्तकभर तो हेच म्हणत राहतो, आणि दर वेळी ते खरंच असतं. शक्य असतं, म्हणून तर करावं लागतं.

साठलेली नाणी घेऊन साशा तोर्पा नावाच्या गावातल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये दाखल होते. तिथं पुस्तकातले परिच्छेद पाठ करायचे, ज्यांना काही म्हणजे काही अर्थ नाही. एक मास्तर सीडी देतो, त्यात नुसती शांतता असते, ती ऐकायची. वरच्या वर्गातली पोरं लंगडतात, मध्येच एका जागी थिजून उभी राहतात. नापास झालात तर तुम्हाला काही होत नाही, घरच्यांना होतं. कोस्त्या नावाचा मुलगा नापास होतो आणि त्याची आजी जाते. आणि हा कोस्त्या खुद्द फरीतचा मुलगा.

शेवट फोडलेला नको असेल तर हा परिच्छेद सोडा. ही पोरं शब्द होत असतात. सगळं जग हीच एक भाषा आहे, आणि प्रत्येक विद्यार्थी तिच्यातलं काहीतरी होणार, कुणी नाम, कुणी सर्वनाम. साशा क्रियापद निघते. नंतर मशीनवर बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की मुलीशी मी दिवसभर जे बोलते ते निव्वळ आज्ञार्थी असतं. ऊठ. आवर. जेव. बस. लिही.

मुलगी नीटला, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला, रिपीटर म्हणून लातूरला आहे. क्लासचं नाव लिहीत नाही, सगळे सारखेच. रविवारी टेस्ट, सोमवारी मार्क पालकांच्या मोबाईलवर. ते मी मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवत होते. पुढच्या पानांवर छाती, कंबर, बाही, आणि मागं ४१२, ४३०, ४०५. तिला पहाटे उठवायचं कामही माझंच. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्या पहाटे मी जागीच असायचे. बाकीच्या दिवशी गजर लावून उठायची आणि साडेचारला तिला फोन करायची. साशाचा चारचा गजर वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून वही काढली आणि ते मागचं पान बघत बसले. अहोंनी विचारलं, “हिशोब चुकला काय?”

दुपारच्या डब्याच्या वेळी मी ही गोष्ट बायकांना सांगत होते. कडक भाकरी मोडत सगळ्या ऐकत होत्या. नाण्यांवर हसल्या. “आमाला असली उलटी हुईल तर बरं,” असं एकीनं म्हणूनही टाकलं. ओव्हरलॉकवरची अक्का मात्र घास हातात धरून बसली होती. ती म्हणाली, “पोरगी रातच्याला समुद्रात जायली, तर तिची आई काय करायली?”

मी सांगितलं, आईला काहीच माहीत नाही. पुढं ती लग्न करते, तिला बाळ होतं, आणि तिला वाटत राहतं, पोरीला कुठल्या कोपऱ्यातल्या कॉलेजचं वेड लागलंय.

“म्हंजे झोपलेली,” अक्का म्हणाली, आणि घास तोंडात टाकला.

मी आजवर जेवढी समीक्षा वाचली त्यात हा प्रश्न कुणी इतका सरळ विचारलेला नाही. माझी तक्रारही तीच आहे. या दोघांनी साशाची आई फार सोपी करून ठेवली. घरात उलट्या करणारी, पहाटे पळत जाणारी पोरगी असताना आईला संशय येऊन विरतो, हे पटत नाही. आपल्याकडच्या आईनं सातव्या दिवशी देवऋषी तरी गाठला असता. आणि शेवटची पन्नास पानं फार धूसर आहेत. दोनदा वाचली. पहिल्यांदा वाटलं माझं इंग्रजी कमी पडतंय, दुसऱ्यांदा कळलं की माझं इंग्रजी ठीक आहे.

त्यांचं ‘डॉटर फ्रॉम द डार्क’ही वाचलं, २०२०मध्ये इंग्रजीत आलेलं. एका डीजेच्या घरी टेडी घेतलेली मुलगी येऊन ठाण मांडते. सुरुवात झकास, मधे पाणी घातल्यासारखं. ‘व्हिटा नोस्ट्रा’चा पुढचा भाग ‘असॅसिन ऑफ रिॲलिटी’ हा २०२३चा, तो अजून फळीवर आहे, सीझन संपल्यावर बघू. यांचं पहिलंच वाचणार असाल तर ‘द स्कार’पासून सुरुवात करा. त्यात भीती शिक्षा म्हणून येते, आणि माणूस ती उतरवायला धडपडतो. मग ‘व्हिटा नोस्ट्रा’ वाचा. तिथं भीतीवरच शाळा चालते, आणि पोरं शिकतातसुद्धा, खरोखर शिकतात. हे जास्त अंगावर येतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा साशाच्या आईचा कापला.

माझी प्रत मागू नका. दिवाळीला मुलगी आली होती, दोन दिवसांत संपवून बरोबर घेऊन गेली. होस्टेलवर चौघींनी वाचली म्हणे, मुखपृष्ठ सुटलंय. डब्यात शेंगाचटणीबरोबर फेविकॉलची ट्यूब पाठवली आहे. साडेचारचा फोन मी दिवाळीपासून बंद केला, मार्कांचं पान फाडलं. तिला काही बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी तिचाच फोन आला, “मम्मी, काय झालं? सगळे बरे आहेत ना?”