चॉकलेटचा क्लास: कंपाउंड की कूव्हर्चर, आणि बरोबर कोण?

दिवाळी जवळ आली किंवा मुलांना सुट्ट्या लागल्या की पुण्यात चॉकलेटच्या क्लासच्या जाहिराती फिरायला लागतात. एक प्रकार कोथरूड, सदाशिव पेठ, सिंहगड रस्ता अशा भागांतला: एखाद्या काकूंच्या स्वयंपाकघरात, आठ-दहा जणींत, दुपारच्या दोन-तीन तासांत उरकणारा. दुसरा कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर बाजूचा: स्टुडिओ, एप्रन, दगडी ओटा, अर्धा दिवस. घरातल्या कोणाला तरी घेऊन जायचं ठरलं की आधी फी विचारली जाते. माझ्या मते तो तिसरा प्रश्न. तिथे कोणतं चॉकलेट वापरतात हा पहिला, आणि तुमच्याबरोबर कोण येणार आहे हा दुसरा.

घरगुती क्लासमध्ये बहुतेक वेळा कंपाउंड असतं. म्हणजे कोको पावडर, साखर आणि कोको बटरच्या (कोकोच्या बियांतल्या चरबीच्या) जागी वनस्पती तेलापासून केलेली घट्ट चरबी. स्लॅब चिरायची, डबल बॉयलरवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये थांबत-थांबत वितळवायची, सिलिकॉनच्या मोल्डमध्ये ओतायची, थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवायची, की चॉकलेट सुटून हातात. मधे गुलकंद, भाजलेले बदाम, पानाचा स्वाद, काय हवं ते. बिघडण्यासारखं फारसं काही नाही. पाण्याचा थेंब मात्र पडू द्यायचा नाही, नाहीतर सगळं मिश्रण गोळा होऊन बसतं. जवळच मंचरला मोर्डे या चॉकलेट कंपनीचा कारखाना आहे, त्यामुळे पुण्यात कंपाउंडचा तुटवडा नाही. मोल्ड आणि रंगीत रॅपर घ्यायला रविवार पेठेत एक चक्कर मारली की झालं.

चवीचं काय, तर ते खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा एक थर राहतो. कोको बटर अंगाच्या तापमानाच्या जरा खालीच वितळतं, म्हणून खरं चॉकलेट जिभेवर विरघळतं. कंपाउंडमधली चरबी तेवढी चटकन सुटत नाही. पण नेमक्या याच गुणामुळे मे महिन्यातल्या लग्नाच्या रुखवतात चॉकलेटचा बंगला किंवा टोपली मांडायची असेल तर कंपाउंडशिवाय पर्याय नाही. चाळीस अंशांच्या दुपारी बिनएसीच्या कार्यालयात कूव्हर्चर, म्हणजे कोको बटरचं खरं चॉकलेट, मांडून बघा, मुहूर्तापर्यंत टिकणार नाही.

स्टुडिओतल्या वर्कशॉपमध्ये हेच कूव्हर्चर असतं: निदान ३१ टक्के कोको बटर असलेलं चॉकलेट. ते किलोमागे कंपाउंडच्या कितीतरी पट महाग पडतं. २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला होता. भाव नंतर उतरले, तरी वर्कशॉपच्या फीमधला मोठा वाटा मालाचाच असतो, हे लक्षात ठेवलं की फी बघून दचकायला होत नाही.

या क्लासचा जीव टेंपरिंगमध्ये, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेऊन नीट घट्ट करण्यात आहे. कोको बटर थंड होताना सहा वेगवेगळ्या प्रकारांनी स्फटिक धरू शकतं. त्यांतला पाचवा आपल्याला हवा. तो साधारण ३४ अंशांना वितळतो, त्याला चकाकी असते आणि तोडताना टक् आवाज येतो. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवायचं म्हणजे जुने सगळे स्फटिक मोडतात. मग हलवत-हलवत २७-२८ पर्यंत उतरवायचं, आणि पुन्हा ३१-३२ वर आणायचं म्हणजे कच्चे स्फटिक वितळून चांगले तेवढे उरतात. मिल्क आणि व्हाइटला याहून दोन-तीन अंश कमी. कोणी दगडावर पसरून पात्यांनी घोळतात. कोणी दोन तृतीयांश वितळवून उरलेलं चिरून त्यात घालतात, त्याला सीडिंग म्हणतात. एखादा अंश चुकला की दुसऱ्या दिवशी वर पांढुरके पट्टे येतात. खायला काही होत नाही, पण डब्यात घालून कोणाला द्यायची लाज वाटते.

हे वाचून वाटेल की आईला कशाला यात ओढायचं, तिला आपला घरगुती क्लासच बरा. माझं मत नेमकं उलट आहे. जिने आयुष्यभर रव्याच्या लाडवांचा पाक दोन बोटांत धरून एकतारी झाला की नाही ते सांगितलं, तिला टेंपरिंग आपल्यापेक्षा लवकर कळतं. पाकातही साखरेचे स्फटिक कधी धरू द्यायचे आणि कधी नाही, एवढंच तर सांभाळायचं असतं. कल्याणीनगरच्या एका वर्कशॉपला आईला घेऊन गेले होते. मी थर्मामीटरकडे डोळे लावून बसले होते, आणि तिने चमच्याच्या टोकाला लागलेला थेंब खालच्या ओठाला लावून सांगितलं, "अजून गरम आहे, घाई करू नकोस." शिकवणारी मुलगी हसली, कारण अनुभवी चॉकलेट करणारेही ओठाला लावूनच बघतात. कंपाउंडच्या क्लासमध्ये तिच्या हाताला करण्यासारखं काही नव्हतं. ओता आणि थांबा. असल्या कामाचा तिला कंटाळा येतो.

फक्त वयस्कर माणसाबरोबर जाताना चौकशी नीट करा. स्टुडिओत तीन-चार तास उभं राहावं लागतं, खुर्ची मिळेल का विचारा. शिकवणं मराठीत, हिंदीत की सगळंच इंग्रजीत? फिलिंगमध्ये रम किंवा लिकर असते का? मार्शमॅलो असेल तर त्यात प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन आहे का ते विचारा, नाहीतर आई तो पदार्थ बाजूला ठेवून देईल आणि चेहऱ्यावर काही दाखवणार नाही. येण्याजाण्याची कटकट मात्र आता राहिलेली नाही. वनाजहून रामवाडीची मेट्रो धरली की कल्याणीनगरला बसल्या जागी पोचता येतं.

आठ-दहा वर्षांची भाची किंवा पुतण्या असेल तर दुसरा विचारच नको, कंपाउंड. लहान मुलाला टेंपरिंगची पाऊण तासाची वाट बघणं म्हणजे शिक्षा. त्याला दोन तासांत वीस चॉकलेटं हवीत, वरून रंगीत गोळ्या हव्यात आणि संध्याकाळी सोसायटीत वाटायची आहेत. डबल बॉयलरच्या गरम पाण्याशी तेवढं आपण उभं राहायचं.

वहिनी किंवा जाऊ यांच्याबरोबर पुढे घरगुती ऑर्डर घ्यायचा विचार असेल तर हिशेब वेगळा. राखी, गणपतीतले चॉकलेटचे मोदक, दिवाळीचे डबे: या धंद्याचा मोठा भाग कंपाउंडवर चालतो. म्हणून सुरुवात तिथूनच करा, आणि दोघींचा हात बसला, चार गिऱ्हाइकं परत आली, की मग कूव्हर्चरच्या वर्कशॉपवर पैसे घाला. आधी कूव्हर्चर शिकून घरी एसी नसलेल्या ओट्यावर करायला गेलात तर एप्रिलमध्ये हात टेकाल. अन्न सुरक्षेची नोंदणी घरातून विकायलाही लागते, ती क्लासमध्ये कोणी सांगत नाही. आणि कंपाउंडच्या डब्यावर 'बेल्जियन' लिहू नका, पुण्यात हे विचारणारं गिऱ्हाईक भेटतंच.

तिसरा एक प्रकार अलीकडे दिसतो, बीन टू बार. केरळ, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूकडच्या आंबवून वाळवलेल्या कोको बिया भाजायच्या, फोडायच्या, पाखडून टरफलं काढायची आणि दगडी यंत्रात दळायच्या. दळणच एक ते तीन दिवस चालतं, त्यामुळे एका दिवसाच्या क्लासमध्ये तुम्ही दळलेलं चॉकलेट तुमच्या हाती येत नाही, आधी करून ठेवलेलं चाखायला मिळतं. निवृत्त वडिलांना, ज्यांना यंत्र कसं चालतं यातच रस असतो, त्यांना हा प्रकार आवडेल. करून बघायची हौस असणाऱ्याला नाही.

काळाचं म्हणाल तर कूव्हर्चरसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. खोली वीस-बावीस अंशांची हवी. पुण्याची थंडी ते काम फुकटात करते. पावसाळ्यात फ्रीजमधून काढलेल्या चॉकलेटवर दमट हवेचं पाणी धरतं, साखर वर येते आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. कंपाउंडच्या क्लासला कोणताही महिना चालतो.

नाव नोंदवण्याआधी फोनवर दोन गोष्टी विचाराच. क्लास हँड्स-ऑन आहे की नुसता डेमो? डेमो असेल तर तेच सगळं व्हिडिओवर बघता येतं, दोघांची फी भरायचं कारण नाही. आणि दोघांना मिळून एक भांडं देतात की प्रत्येकाला वेगळं? एकच असेल तर हलवायचं काम एकाकडे जातं आणि दुसरा फोटो काढत बसतो. आईबरोबर जाणार असाल तर भांडं तिच्या हातात द्या.