काओर: भाड्याची सायकल आणि लोत नदीचा काठ

फ्रान्सच्या नैऋत्येकडच्या काओर शहरातल्या एका छोट्या दुकानातून रोड सायकल घेतली, दिवसाला 35 युरो. दुकानातल्या बाईंनी माझ्या उंचीप्रमाणे सीट बसवून दिली आणि सगळ्यात आधी ब्रेक दाखवले. तिथे पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आपल्याकडे उजव्या. उतारावर ही गोष्ट फार उपयोगी पडली.

तीन बुरुजांचा वालांत्रे पूल सकाळीच बघून घेतला. व्हेर गावापासून डी-662 रस्ता धरला की उजवीकडे लोत नदी आणि डावीकडे चुनखडीचे कडे, काही ठिकाणी तर थेट डोक्यावर झुकलेले! सप्टेंबरात गाड्या तुरळक, चढ जवळजवळ नाहीच. दम लागतो तो तूर-द-फोर गावाजवळचा पूल ओलांडल्यावर. सां-सिर्क-लापोपी हे गाव नदीपासून सुमारे 100 मीटर उंच कड्यावर वसलंय. वरून नदीचं वळण दिसलं आणि मी अर्धा तास तिथून हलले नाही.

सायकल उत्तम, गिअर लोण्यासारखे. पण पंक्चरच्या पिशवीतली ट्यूब भलत्याच मापाची निघाली, तेव्हा निघण्यापूर्वी उघडून बघाच. आणि पाव-चीज बाराच्या आत घ्या, दुपारी गावांतली बरीच दुकानं बंद असतात.