बंदुकीवर सेराकोट करून घेतलं, त्याचा रिव्ह्यू

सेराकोट, म्हणजे बंदुकीच्या धातूवर चढवतात ते रंगीत कोटिंग, टिकतं का, रंग उडतो का, पैसे वसूल होतात का, असं इथल्या बऱ्याच मित्रांनी विचारून झालंय, तर प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. पैसे माझ्या खिशातून गेलेत, दुकानवाला माझा कोणी लागत नाही, त्यामुळे जे वाटलं तेच लिहिणार.

आधी बंदूक कुठली ते. सेकंडहँड घेतलेली बारा बोअर पंप अ‍ॅक्शन, म्हणजे पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायची शॉटगन, रिसिव्हर (नळी ज्यात बसते तो मधला भाग) स्टीलचा, दस्ता अक्रोडाचा. मी ती फक्त क्ले शूटिंगला, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्यांवर नेम धरायला वापरतो, शिकारीचा नाद नाही. मूळचं फिनिश ब्लूइंगचं होतं, ते हात लागून लागून रिसिव्हरच्या खालच्या अंगाला पार पांढरं पडलेलं आणि नळीवर जागोजागी तपकिरी ठिपके. ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, एसीतून बंदूक बाहेर काढली की थंड लोखंडावर लगेच दव धरतं, त्यात आपले घामेजलेले हात आणि घामातलं मीठ, म्हणजे गंजाला अजून काय पाहिजे. ब्लूइंगमध्ये वरून काही चढवलेलं नसतं, लोखंडाचाच वरचा पापुद्रा काळ्या ऑक्साइडमध्ये बदललेला असतो, तोही अगदी पातळ, त्यावर तेलाचा हात फिरत असेल तोवर ठीक, तेल पुसलं गेलं की खेळ खलास.

मग म्हटलं करायचंच आहे तर नुसतं काळं कशाला, जरा हौसेचं करू.

हौसेचे पर्याय भरपूर आहेत आणि प्रत्येकाचा विकणारा आपलंच कसं भारी ते सांगतो. सगळ्यात देखणं म्हणाल तर केस कलर, त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. हाडाचा आणि लाकडाचा कोळसा भरलेल्या डब्यात लोखंडी भाग लालभडक तापवतात आणि बुडबुडे सोडलेल्या पाण्यात विझवतात, मग निळे, जांभळे, पिवळसर असे ढग उमटतात आणि दोन बंदुका कधी सारख्या होत नाहीत. न्यूयॉर्क राज्यात ब्लूमफील्डला टर्नबुल रिस्टोरेशन म्हणून आहेत ते या कामासाठी नावाजलेले, त्यांचे फोटो बघत मी रात्री जागवल्यात. पण ते रंग घासून आणि ऊन लागून फिके होत जातात, आणि माझ्या साध्या पंपाच्या रिसिव्हरला एवढी आच द्यायची माझी तयारी नव्हती. सोनेरी पीव्हीडी, म्हणजे टायटॅनियम नायट्राइड, ते निर्वात चेंबरमध्ये बसवतात, काही मायक्रॉनचाच थर पण घासण्याला जबरदस्त कडक. फक्त खालचं पॉलिश जसं असेल तसं वर दिसतं, गंजाने पडलेले खड्डे त्यात लपत नाहीत उलट चमकतात. आणि सोन्याची बंदूक घेऊन रेंजवर गेलो तर लोक विचारतील वरात कुठे आहे. हायड्रोडिप स्वस्त आणि डिझाइन काय वाट्टेल ते, पाण्यावर छापील फिल्म तरंगवायची, अ‍ॅक्टिव्हेटर मारायचा आणि भाग त्यातून बुडवायचा. पण वरचा क्लिअर कोट टिकेल तेवढंच ते डिझाइन टिकणार, प्लास्टिकच्या दस्त्याला बेस्ट, नळीला मी नाही करणार. पार्कराइझिंग हे फौजी काम, करडं काळपट, तेल धरून ठेवतं म्हणून गंजाला चांगलं, पण हौस म्हणून कोणी ते करत नाही.

शेवटी सेराकोट. ओरेगनमधल्या व्हाइट सिटीच्या एनआयसी इंडस्ट्रीजचा माल, सिरॅमिक मिसळलेलं पॉलिमरचं कोटिंग. यात एच-सिरीज ओव्हनमध्ये भाजायची असते आणि सी-सिरीज हवेत सुकते, तिला पूर्ण कडक व्हायला ५ दिवस लागतात. बंदुकीचा सायलेन्सर किंवा गाडीच्या एक्झॉस्टसारख्या भयंकर तापणाऱ्या वस्तूंना सी-सिरीज, बंदुकीच्या बाकी अंगाला एच-सिरीज, असा साधारण रिवाज. एच-सिरीजमध्ये रंग आणि कॅटलिस्ट मिसळतात, १८ भाग रंगाला १ भाग कॅटलिस्ट हे नेहमीचं, १२ ला १ केलं की चकाकी वाढते आणि २४ ला १ केलं की मॅट होतं. हे मला आधी माहीत नव्हतं. म्हणजे एकाच नंबरचा रंग दोन दुकानात वेगळा दिसू शकतो, तेव्हा नुसता नंबर सांगून मोकळं होऊ नका, किती चकाकी पाहिजे तेही सांगा आणि त्यांनी स्वतः केलेला नमुना हातात घेऊन उन्हात बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच रंग छान दिसतात.

आता मुख्य मुद्दा. मंडळी, लोक रंग निवडण्यात महिना घालवतात आणि रंगाखाली काय होणार आहे ते विचारतच नाहीत. टिकणं न टिकणं नव्वद टक्के तयारीवर आहे, हे माझं ठाम मत.

मी गेलो ते इंडस्ट्रियल एरियातलं छोटंसं दुकान, बापलेक दोघं चालवतात, बाप बोलतो आणि लेक काम करतो. मी विचारलं आधी काय काय करता, तर म्हातारा खूश झाला आणि मला आत घेऊन गेला. बंदूक पूर्ण खोलायची, पूर्ण म्हणजे ट्रिगरची असेंब्ली, रबराचं पॅड, पुढचा फायबर ऑप्टिकचा मणी सगळं बाहेर, कारण तो मणी ओव्हनमध्ये वितळतो. मग अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून तेल काढायचं. मग नुसतेच भाग ओव्हनमध्ये ३०० फॅरनहाइटला तासभर ठेवायचे, रंगाशिवाय. कशाला, तर नळीवरच्या पट्टीखाली, फटीत, आट्यांमध्ये जुनं तेल दडलेलं असतं ते तापून बाहेर यावं म्हणून. त्याने मला दाखवलं, स्वच्छ दिसणाऱ्या एका नळीच्या पट्टीखालून तपकिरी ओघळ आलेला, तीच नळी सरळ रंगवली असती तर तो ओघळ रंगाच्या खाली फुटला असता. मग परत अ‍ॅसिटोन, मग १०० ग्रिट अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडने ब्लास्टिंग, म्हणजे त्याचे कण हवेच्या जोराने मारून पृष्ठभाग खरखरीत करायचा, त्यावेळी चेंबर आणि नळीची दोन्ही तोंडं बुचं मारून बंद. ब्लास्टिंगनंतर उघड्या हाताने शिवायचं नाही, बोटाचं तेल पुरतं सगळं बिघडवायला. मग स्प्रे, आणि २५० फॅरनहाइटला २ तास भट्टी. प्लास्टिकचे भाग याहून बऱ्याच कमी आचेवर.

हे सगळं ऐकताना समोरचा माणूस घाई करायला लागला, हे काय आम्ही करतोच हो असं म्हणून विषय बदलायला लागला, तर तिथून निघा. आमच्या एका मित्राने दुसऱ्या एका ठिकाणी निम्म्या किमतीत करून घेतलं, रंग सुरेख, चार लोकांनी कौतुक केलं, आणि एका सीझनमध्ये काडतूस बाहेर पडतं त्या खिडकीच्या कडेचे पोपडे निघाले. नखाने उचकटलं की अख्खा तुकडा हातात. खाली लोखंड गुळगुळीत, म्हणजे ब्लास्टिंगच केलेलं नाही, रंगाने धरायचं कशाला.

रंग मी दोन घेतले. रिसिव्हर बर्न्ट ब्राँझ, एच-१४८, आणि नळी ग्राफाइट ब्लॅक, एच-१४६. बर्न्ट ब्राँझ म्हणजे बरेच दिवस चिंचेने न घासलेला तांब्याचा हंडा असतो ना तसा, सावलीत तपकिरी आणि उन्हात आतून लालसर. अक्रोडाच्या लाकडाशेजारी तो इतका शोभतो की बायको, जिला बंदुकीत काडीचा इंटरेस्ट नाही, ती पण म्हणाली की हे बरं दिसतंय. दस्त्याला मात्र रंग लावू दिला नाही, म्हाताऱ्याने विचारलं होतं. अक्रोडावर रंग मारणं हे पाप आहे, त्याला जवसाचं तेल हाताने चोळायचं आणि गप्प बसायचं.

कॅमो, झेंडे, कवट्या असलं पण करून मिळतं, पण प्रत्येक रंगाचा एक थर वाढतो. एक थर साधारण २५ मायक्रॉनचा, एकट्याने काही फरक पडत नाही, पण स्टेन्सिल लावून तीन-चार रंग एकावर एक चढले की कडांना हाताला पायरी लागते आणि जिथे भागात भाग बसतो तिथे घट्ट होतं. सीरियल नंबर पण बुजायला लागतो, आणि तो वाचता आलाच पाहिजे. एक बॅटलवॉर्न नावाचा प्रकार आहे, त्यात नवा रंग देऊन तो मुद्दाम कडांना घासून बंदूक लढाईवरून आल्यासारखी दिसते, आणि त्याचे पैसे जास्त. यावर काय बोलणार.

आता टिकलं का. एक पूर्ण उन्हाळा आणि त्यानंतरचे बरेच रविवार झालेत. रिसिव्हरवर हात जिथे सतत असतो तिथे काहीही नाही, घामाने डाग नाही, साफ करायच्या सॉल्व्हंटने रंग सुटलेला नाही. गंजाचा ठिपका बाहेरून एकही दिसत नाही. पण झिजलंय एका ठिकाणी, मॅगझिनच्या (काडतुसं भरून ठेवायच्या) नळीवर जिथे पंपाची मूठ मागेपुढे सरकते तिथे, दोन लांब चकचकीत पट्टे पडलेत. म्हाताऱ्याने हे आधीच सांगितलं होतं, धातूवर धातू सरकला की कुठलाही रंग जाणार. बोल्ट आणि आतले सरकते भाग त्याने म्हणूनच रंगवले नाहीत. नळीवर एक चरा आहे, पिकअपच्या रॅकला लागून, तो खोल आहे आणि तो नुसता टचअप करून भरत नाही, नीट करायचा तर परत खोलणं, ब्लास्टिंग, सगळं पहिल्यापासून. ब्लूइंगला निदान बाटलीतलं कोल्ड ब्लू लावून वेळ मारून नेता येते.

जाहिरातीत मिठाच्या फवाऱ्याची टेस्ट दाखवतात, ५ टक्के मिठाचं पाणी, ३५ सेल्सियस, इतके तास आणि तितके तास. ते आकडे खोटे आहेत असं माझं म्हणणं नाही, पण त्या पेटीत कोणी बंदूक रॅकवर आपटत नाही. गंजाला सेराकोट उत्तम, ओरखड्याला बरं, आणि नळीच्या आत त्याचा शून्य उपयोग कारण आत ते नसतंच. आत तेलाचा बोळा फिरवायचा तो फिरवायचाच.

गावी मामांकडे जुनी दुनळी आहे, पीक संरक्षणाच्या लायसन्सवरची, फोटो पाठवले तर त्यांनी लगेच फोन केला, अरे आपल्या बंदुकीला पण असलं काही करता येईल का रे. मी म्हटलं मामा, तुम्ही त्या बंदुकीला हात लावू नका. जुन्या दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी शिशा-कथलाच्या डागाने (सोल्डरने) जोडलेली असते आणि गरम ब्लूइंगचं जे कॉस्टिकचं उकळतं मिश्रण असतं ते तो डागच खातं, बाहेरून काळीभोर सुंदर आणि आतून सांधे सुटे. त्यांना रस्ट ब्लूइंग लागतं, म्हणजे मुद्दाम बारीक गंज चढवायचा, नळ्या पाण्यात उकळून तो काळा करायचा, बारीक स्टील वूलने घासायचा, आणि हे परत परत, रंग खोल होईपर्यंत. वेळखाऊ आहे, पण जुन्या चांगल्या दुनळीला तेच शोभतं आणि सोसतं. सेराकोटची २५० फॅरनहाइटची भट्टी त्या डागाला वितळवत नाही हे खरं, पण नळ्यांवरचं नाव, ठसे, नक्षी ब्लास्टिंगने बोथट होणार, आणि आजोबांच्या काळची बंदूक ब्राँझ रंगाची करून काय मिळवायचं. शिवाय भारतात दुरुस्तीचं काम करणाऱ्यालाही शस्त्र अधिनियम १९५९ खाली लायसन्स लागतं, त्यामुळे गाड्या रंगवणाऱ्या ओळखीच्या पोराकडे देऊन चालणार नाही. मामांना एवढंच सांगितलं की निवडणुकीच्या वेळी बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला नेता ना, तेव्हा नेण्याआधी बाहेरून आतून तेलाचा जाड हात मारा, महिना-दोन महिने ती तिथे कोरडी पडू नये.

इथे अमेरिकेत पण, ज्यांच्याकडे बंदूक मुक्कामाला ठेवणार त्या दुकानाकडे फेडरल फायरआर्म्स लायसन्स पाहिजे, बंदूक त्यांच्या वहीत चढते आणि काम झाल्यावर तुम्हालाच परत मिळते. गॅरेजमध्ये स्वस्तात करून देणारा कोणी भेटला तर हे पहिलं विचारा. आणि देताना रिकामी आहे हे त्याच्यासमोर उघडून दाखवा, तो पण परत बघतो, कोणी रागावत नाही.

खर्च एकरंगीला काही शे डॉलर, दुसरा रंग आणि मास्किंग आलं की वर, कॅमो असेल तर बंदुकीच्या किमतीच्या जवळ जातो मग विचार करा. घरी करायचं म्हणाल तर सामान सगळं ऑनलाइन मिळतं, पण ब्लास्टिंग कॅबिनेट, कॉम्प्रेसर आणि नळी मावेल एवढा ओव्हन लागतो, आणि स्वयंपाकघरातला ओव्हन यासाठी कृपा करून वापरू नका, त्यात परत केक करायचा असतो. एका बंदुकीसाठी दुकानच परवडतं.

कधी द्यायची, तर टेक्सासच्या बऱ्याच भागात डव्हच्या (पारव्यासारख्या पक्ष्याच्या) शिकारीचा सीझन १ सप्टेंबरला उघडतो आणि ऑगस्टमध्ये सगळ्यांना आपली बंदूक एकदम आठवते, तेव्हा दुकानं तुंबलेली असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्या, काम निवांत होतं आणि म्हातारा गप्पाही मारतो.