सरकारी लाल गोळी: औषध चोख, घोटाळा वेळेचा

उपकेंद्रात किंवा आशाताईंकडून गरोदर बाईला फुकट मिळणारी ही रक्तवाढीची गोळी. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. फुकटची म्हणून तिला हलकी समजू नका. दुकानातल्या एखाद्या पाकिटावर ‘फेरस ग्लुकोनेट ३०० मिलिग्रॅम’ असं ठळक छापलेलं असतं, पण त्यात खरं लोह जेमतेम ३५ मिलिग्रॅम. बघायचा तो ‘एलिमेंटल आयर्न’चा आकडा, आणि त्यात ही गोळी कुठेच कमी नाही.

तरी हिमोग्लोबिन हलत नाही, त्याचं कारण पुष्कळदा शेजारच्या पाकिटात सापडतं. लोहासोबत कॅल्शियमच्याही गोळ्या मिळतात. विसरायला नको म्हणून दोन्ही नाश्त्यानंतर चहाबरोबर एकदमच घेतल्या जातात. कॅल्शियम लोहाला आतड्यात अडवतं, उरलेल्याची वाट चहा लावतो. त्यापेक्षा कॅल्शियम सकाळी आणि दुपारी जेवणाबरोबर घ्यावं. लाल गोळी रात्री, जेवणानंतर दीड-दोन तासांनी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. झोपतानाचा दुधाचा पेला मात्र संध्याकाळीच उरकावा, नाहीतर पुन्हा तोच घोळ.

शौचाला काळी होते ती न शोषलेल्या लोहामुळे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डांबरासारखी चिकट आणि फार दुर्गंधीची असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. मळमळ फारच होत असेल तर जेवण झाल्या झाल्या घ्या. शोषण थोडं घटेल, पण गोळी बंद करण्यापेक्षा ते कितीतरी बरं. बद्धकोष्ठतेवर पाणी आणि पालेभाज्या वाढवा.

हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल तर डॉक्टर रोज दोन गोळ्या सांगतात. ७च्या खाली गेलं तर गोळीवर विसंबून न राहता थेट रुग्णालय गाठावं. महिन्याभरात आकडा निदान १ ग्रॅमने चढायला हवा. नियमित घेऊनही चढला नाही, तर आपल्या मनाने गोळ्या वाढवू नका. थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची तपासणी करा. नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेलची तर आधी. बी-१२चीही करा, कारण या गोळीत बी-१२ नाही, आणि शाकाहारी घरांत तिथेच पाणी मुरतं. आकडा चांगला आला तरी कोर्स पुरा करा, शरीरातला लोहाचा साठा त्यानंतरच भरतो.

आमची खरी तक्रार आवरणाबद्दल आहे. साखरेचं असल्याने पावसाळ्यात ते ओल धरतं, तडकतं, आणि आतलं लोह पिवळट-तपकिरी पडतं. अशी गोळी टाकून नवी मागून घ्या. पाकीट मोरीजवळ नको, कोरड्या डब्यात ठेवा. लाल आणि गोड असल्याने लहान मुलांना ती हुबेहूब चॉकलेटची गोळी वाटते, आणि मूठभर गोळ्या लहानग्याच्या जिवावर बेतू शकतात. डबा वरच्या फळीवर, घट्ट झाकणाचा हवा. मुलाने गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी उलटीची वाट न पाहता दवाखान्यात न्या, आणि रिकामं पाकीट बरोबर घ्या, म्हणजे किती गेल्या ते डॉक्टरांना मोजता येईल.