विशनसर की नंदकोल : गळ घेऊन मुक्काम कुठे करावा?

काश्मीरच्या उंचावरील सरोवरांकाठी दोन-तीन रात्री तंबूत राहून ट्राउट गळाला लावायचा, एवढाच बेत असेल, तर सगळी सरोवरे पालथी घालणारा आठवडाभराचा ट्रेक करण्याचे कारण नाही. निवड विशनसर आणि नंदकोल या दोन मुक्कामांतच करावी लागते. दोन्ही जागा साडेतीन हजार मीटरांच्या आसपास किंवा त्याहून वर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर आहेत, आणि तिथे जाण्याचा हंगामही एकच : जुलै ते सप्टेंबर.

विशनसरची वाट सोनमर्गहून निघते. पहिली रात्र निचनईला काढून दुसऱ्या दिवशी सुमारे चार हजार मीटरांची खिंड ओलांडावी लागत असल्यामुळे शरीराला विरळ हवेची सवय टप्प्याटप्प्याने होते. नंदकोलची वाट नारानागच्या प्राचीन मंदिरांपासून सुरू होते आणि तिथून जवळजवळ १,४०० मीटरांची उभी चढण आहे. ती एका दमात संपवणारे हौशी लोक रात्री डोके धरून बसतात. वाटेत त्रुनखोलला गुज्जर गुराख्यांच्या कोठ्यांजवळ, म्हणजे झोपड्यांजवळ, एक मुक्काम केलेला बरा.

तरीही माझा कौल नंदकोलला आहे, कारण जाण्याइतकाच परतीचाही विचार करायला हवा. रात्री सोबत्याला उंचीचा त्रास वाढला, तर नंदकोलहून खाली आणणारी वाट बहुतेक उताराची आहे. विशनसरहून सोनमर्गकडे निघायचे म्हटले, तर आजारी माणसाला आधी तीच खिंड चढवावी लागते.

माशांच्या बाबतीत फारसा फरक नाही. इंग्रजांच्या काळात बाहेरून आणलेला ब्राउन ट्राउट दोन्हीकडे आहे, आणि विशनसरजवळ किशनसर तसे नंदकोलजवळ गंगबल असल्याने एका तंबूतून दोन सरोवरे साधतात. नंदकोलला गंगबलहून येणारा ओढाही मिळतो. पाणी इतके नितळ असते की काठावर उभ्या माणसाची सावली पडताच मासा पसार होतो. म्हणून भल्या पहाटे, खाली बसूनच गळ टाकावा. परवाना मात्र मत्स्यव्यवसाय विभागाकडून आधीच काढावा लागतो.

शिध्यात छोटा कुकर हवाच. तिथे पाणी ८८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते, त्यामुळे पातेल्यातली तूरडाळ तासभर रटरटूनही कच्चीच राहते.